कोरडा पंचा

माझा स्वभाव तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर दोन पानांनंतर तुम्हीच म्हणाल. तोलमाप खात्यात तीस वर्षं निरीक्षक होतो. मी स्कूटर लावताना दिसलो की बाजारातले भाजीवाले पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा खरवडून काढायचे. दहा ग्रॅमसाठीही मी पावती फाडलेली आहे. लोक मागून शिव्या द्यायचे, पण 'जगदेवराव खोटं वजन लिहितील' असं कुणी कधी म्हटलं नाही. त्याचा मला फार माज होता. आता त्या माजाची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना मान वर होत नाही.

आम्ही बडोद्याच्या नागरवाड्यातले. पणजोबा सरकारच्या फौजेत शिलेदार होते. त्यांची तलवार गेली, आजोबांचा घोडा गेला आणि वडिलांच्या हातात राहिला तो माशाचा गळ. आमच्यासारखी पंचवीस-तीस घरं बडोद्यात होती. कुणी बँकेत, कुणी खताच्या कारखान्यात, कुणी शाळेत ड्रिल मास्तर. एरवी एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण रविवारी तळ्याच्या काठी गळ टाकून शेजारी शेजारी तासन्‌तास गप्प बसायचे. त्यातून आमचं गळ मंडळ निघालं आणि मंडळ निघाल्यावर स्पर्धा आलीच. मराठे चार जमले की पाचव्याला हरवायचं काहीतरी काढणारच.

स्पर्धा छाणीच्या पुढे एका गावच्या तळ्यावर व्हायची. गावाचं नाव सांगत नाही, आधीच पुष्कळ शोभा झाली आहे. महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी सकाळी सहाला गळ पडायचे आणि बाराला वजन. ज्याचा मासा जड, त्याची ढाल. शहाण्णव साली त्या ढालीवरून मल्हारराव आणि बळवंतराव या दोन मावसभावांत जुंपली. मल्हाररावांचा कटला तीस ग्रॅमनं जड भरला. बळवंतराव म्हणजे आमचे अध्यक्ष, आवाज नगाऱ्यासारखा. ते म्हणाले, मल्हारचा मासा नाही जिंकला, त्याच्या अंगावरचं पाणी जिंकलं. पायातले जोडे हातात यायचेच बाकी होते. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जगदेवराव, तुम्ही सरकारी वजनवाले, तुम्ही नियम करा.

मी केले. एका बैठकीत अकरा नियम लिहिले. त्यातला सातवा असा: वजनापूर्वी प्रत्येक मासा नव्या, कोरड्या पंच्यानं दोन्ही बाजूंनी नीट पुसून घ्यावा, अंगावर ओल राहू नये. पंचे मंडळानं पुरवायचे आणि पुसायचं मी, म्हणजे कुणाला संशय नको. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता हसू येतं म्हणवत नाही, पण तेव्हा मी तो नियम घरी कौशल्येला, म्हणजे माझ्या बायकोला, दोनदा वाचून दाखवला होता. ती म्हणाली, "अहो, माशाचं अंग पुसताय की लेकराचं?"

त्या वेळपर्यंत आम्ही मासे घरी आणून खायचो. रविवारी संध्याकाळी गल्लीभर कालवणाचा वास. पण पुढच्या वर्षी फायबरचे रॉड आणि परदेशी रिळं विकणारी एक कंपनी मंडळाकडे आली. तेव्हा अशा कंपन्या रोज एक उगवायच्या. ढाल ते देणार, टोप्या ते देणार, मांडव ते देणार. अट एकच, मासा मारायचा नाही, वजन करून पाण्यात सोडायचा, बाहेरच्या देशांत असंच करतात. बळवंतरावांना ते एकदम पटलं. टोपी डोक्यावर चढली की आमच्या लोकांना काहीही पटतं. मग मी बारावा नियम लिहिला. सोडलेला मासा स्वतःच्या बळावर पोहून गेला पाहिजे. उलटा पडला तर त्याचं वजन बाद. आणि ते बघायलाही मीच. गुडघाभर पाण्यात उभा राहून प्रत्येक मासा जाताना बघायचो आणि कागदावर खूण करायचो. खाली सही: जगदेवराव, तोलमाप निरीक्षक.

नव्व्याण्णव साली त्रेसष्ट मासे वजनाला आले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट पोहून गेले. कंपनीच्या माणसानं माझा हात हातात घेऊन फोटो काढला.

बुधवारी संध्याकाळी शनाभाई घरी आला. हा त्या तळ्याचा ठेकेदार. ठेकेदार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गाडीतून उतरणारा माणूस येईल. हा सायकलवरून उतरला. गावची पंचायत दर वर्षी त्याला तळं मासेमारीला द्यायची. आषाढात तो माशाचं बीज सोडायचा, वर्षभर राखण करायचा आणि दिवाळीपासून मासे काढून छाणीच्या बाजारात विकायचा. बायको, तीन मुलं आणि आंधळी आई यांचं सगळं त्या तळ्यावर. आमच्या स्पर्धेची परवानगी पंचायत परस्पर द्यायची. त्याला कोण विचारतो? पण मासे जिवंत परत जातात म्हणून तोही कधी बोलला नव्हता.

त्यानं पायरीवर प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत अडीच किलोचा रोहू मेलेला, अंगावर कापसासारखी पांढरी बुरशी. "साहेब," तो म्हणाला, "आज सकाळपासून वर येताहेत. एकतीस मोजले. गेल्या वर्षी पण आले होते, त्याच्या आदल्या वर्षी पण. मला वाटलं ऊन असेल." तो गुजरातीत बोलायचा, मी मराठीत सांगतो आहे, म्हणून जरा गुळगुळीत वाटेल. पण पुढचं वाक्य त्याचं त्याच्याच शब्दांत सांगतो, कारण ते मला अजून तसंच ऐकू येतं. "साहेब, माछलीने लूछाय नहीं."

माशाला पुसायचं नसतं. त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा हेच त्याचं कातडं. तो गेला की पाणीच त्याला खातं. त्याचा बाप ओल्या हातानंच मासा धरायचा, हेही त्यानं सांगितलं.

मी भडकलो. तीन वर्षं सगळ्यांदेखत मी मासे पुसतो आहे, आणि हा सायकलवाला मला पुसायला शिकवणार. मी म्हणालो, "शनाभाई, तुझ्या बापानं कधी इलेक्ट्रॉनिक काटा बघितला होता का?" त्यानं मग चिडायला हवं होतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं. मी आणखी चढलो. म्हटलं, "उद्या मला चार जिवंत मासे दे. दोन पुसतो, दोन नाही पुसत. खरं-खोटं होऊन जाऊ दे." तो म्हणाला, "लई जजो, साहेब." घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या पुढे पत्र्याचा डबा धरून मी चार रोहू घरी आणले. परसात दोन हौद होते, एक धुण्याचा आणि एक झाडांना पाणी घालायचा. कौशल्या म्हणाली, आता कपडे कुठे धुऊ, माझ्या डोक्यावर? मी नियमाप्रमाणे दोन मासे नव्या पंच्यानं खसखसून पुसले आणि धुण्याच्या हौदात सोडले. दोघे तरतरीत पोहायला लागले. उरलेले दोन हात ओले करून उचलले आणि दुसऱ्या हौदात टाकले. मुलीला हाक मारली. मृदुला तेव्हा सयाजीगंजला विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. म्हटलं, "बघ ग, तुझ्या बापाचं संशोधन. पुसलेले जास्त खुशीत आहेत की नाही?"

तिनं वेड्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "बाबा, माशाला पुसलंत?"

"मग काय ओला तोलू?"

"त्याच्या अंगावर जो थर असतो ना, तोच त्याला बुरशीपासून वाचवतो. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मासा लगेच नाही मरत. दोन-तीन दिवस लागतात." मग तिनं माझ्या हातातल्या पंच्याकडे बघितलं. "तुम्ही स्पर्धेत सगळ्यांना पुसता?"

मी म्हणालो, पुस्तकातलं पुस्तकात ठेव. पण त्या दिवसापासून सकाळी दात घासायच्या आधी मी परसात जायला लागलो.

शनिवारी काही नाही. रविवारी एकाच्या अंगावर धुरकट डाग आला. सोमवारी सकाळी तो डाग पांढरा झाला होता आणि त्याला आकार आला होता. मी चष्मा आणून पुन्हा बघितलं. पाठीवर एक आडवा पट्टा, पोटाकडे चार उभे. माझी चार बोटं आणि अंगठा. जिथं जिथं मी मासा दाबून धरून पुसला होता, बरोबर तिथंच बुरशी उगवली होती. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, इथं तर हातच उमटला होता. मी माझा पंजा पाण्यावर धरून बघितला. जुळला. दुसऱ्या हौदातले दोघे मासे चकचकीत, पाणी हललं की पळायचे.

मृदुला मागे येऊन उभी होती. तिला मला काही सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "बाबा, त्या शनाभाईंना सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो. दुपारपर्यंत पुसलेले दोन्ही मासे मेले. मी ते चिकूच्या झाडाखाली पुरले. एकूण एकशे ऐंशीच्या वर मासे मी तीन वर्षांत पुसले होते. तो आकडा मी मनात धरला आणि लगेच सोडून दिला.

संध्याकाळी बळवंतरावांकडे गेलो. बोलायचं ठरवूनच गेलो होतो. पण ते मला बघताच म्हणाले, "बरं झालं आलात. त्या माछी शनाभाईला धडा शिकवायचा आहे." झालं असं होतं की कुणीतरी तरंगणाऱ्या माशांचे फोटो पेपरात दिले होते. कंपनीवाले घाबरले. बळवंतरावांनी पंचायतीत लेखी तक्रार ठोकून दिली होती की शनाभाई मासे सोपे सापडावेत म्हणून तळ्यात विष टाकतो आणि नाव आमच्यावर घालतो. पुरावा म्हणून माझ्या सहीचा कागद जोडला होता. त्रेसष्ट सोडले, त्रेसष्ट जिवंत गेले. मग मेले कशानं?

मी म्हणालो, "बळवंतराव, मला वाटतं आपल्या पंच्यानं मेले." आणि हौदाची हकीकत सांगितली.

त्यांनी तोंडातलं पान एका गालात सरकवलं. मग म्हणाले, "हे कुणाला सांगितलंत का?"

"नाही."

"मग सांगूही नका. जगदेवराव, तुम्हाला अब्रू आहे. आज तुम्ही म्हणालात की मीच मारले, तर उद्या बाजारात भाजीवाला तुमच्या तोंडावर हसेल. पुढच्या वर्षी गुपचूप नियम बदलू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी त्यांच्यावर चिडलो असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला हायसं वाटलं. दुसऱ्या कुणीतरी गप्प राहायला सांगितलं, तर ते माझं पाप नाही, असा एक हिशेब आपलं मन फार झटपट करतं.

गुरुवारी पंचायत बसली. शाळेच्या खोलीत सतरंजी, समोर सरपंच, बाजूला तलाठी. शनाभाई दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या तळ्यातून चार मासे मी नेले होते, आठवडा होऊन गेला होता, आणि मासे मेले की जगले हे त्याला माझा चेहरा बघून कळलं असणार. मी त्याच्याकडे बघणं टाळलं. भिंतीवरचा नकाशा बघत बसलो.

सरपंच म्हणाले, "साहेब, तुम्ही सरकारी माणूस. सोडले तेव्हा मासे जिवंत होते?"

प्रश्न तेवढाच होता. आणि मी तेवढंच उत्तर दिलं. "हो. सगळे जिवंत पोहून गेले."

एक शब्द खोटा नव्हता. तीस वर्षांत जेवढी वजनं लिहिली त्यांच्याइतकंच ते अचूक होतं, आणि त्याच्याइतकं मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. सरपंचांनी मान हलवली. शनाभाईला विचारलं, तुला काही म्हणायचं आहे? तो म्हणाला, "साहेब बोलले, मग मी काय बोलू?" त्याचा ठेका काढून घेतला. तळं एका वर्षासाठी दुसऱ्या गावच्या माणसाला दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी डोळ्यांसमोर बघितली, आणि त्यातला चोर चहाचा कप हातात घेऊन बसला होता.

घरी आल्यावर मृदुलानं विचारलं, "सांगितलंत?" मी म्हणालो, "त्यांनी ते विचारलंच नाही." ती एवढंच म्हणाली, "अच्छा." त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. पूर्वी संध्याकाळी माझ्या शेजारी बसून कॉलेजातल्या मास्तरांच्या नकला करायची. आता ताट वाढायची आणि आत जायची. कौशल्येनं मला एकदाच विचारलं, पोरीला काय झालंय? मी म्हटलं, परीक्षा असेल.

मंडळाच्या वार्षिक सभेत सातवा नियम मीच बदलायला मांडला. पंचा बंद. ओल्या हातानं धरायचं, ओल्या जाळीच्या झोळीसकट तोलायचं आणि झोळीचं वजन वजा करायचं. बाराला नाही, मासा सापडला की लगेच. कारण विचारलं तर म्हणालो, बाहेर असंच करतात. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात, माझं उलटं झालं. मारुती केला होता, लोकांनी त्याची गणपती म्हणून आरती केली. बळवंतरावांनी नारळ आणि शाल दिली, वर 'मत्स्यमित्र' म्हणाले. ती शाल मी घरी कपाटाच्या तळाशी घातली. मृदुलानं मला ती घडी करताना बघितलं आणि ती आत निघून गेली.

दोन हजार सालच्या स्पर्धेला एकोणसाठ मासे तोलले. पुढचा आठवडाभर मी रोज ऑफिसातून परस्पर तळ्यावर जायचो. दोन मेले. दोनच. काठावर बसून मला रडू आलं. दोन मासे मेले म्हणून नव्हे. शनाभाई खरा होता हे आता फक्त माझ्या हौदात नाही, साऱ्या तळ्यात दिसत होतं, आणि तरी तो तिथं नव्हता.

तो कुठे आहे हे मला ठाऊक होतं. छाणीला एका लेथच्या कारखान्यात तपासणीला गेलो होतो, तेव्हा लोखंडाचा कीस टोपलीत भरताना दिसला होता. हातांना चिंध्या बांधलेल्या. मला बघून त्यानं मान खाली घातली. लाज मला वाटायला हवी होती आणि मान तो खाली घालत होता. त्या दिवशी मी काटा न तपासताच शिक्का मारून निघून आलो, नोकरीत पहिल्यांदा.

वैशाखात कळलं की तळ्याचा ठेका पुन्हा द्यायचा आहे. शनाभाईनं अर्ज केला होता, पण विष टाकणाऱ्याला कोण देणार? त्या संध्याकाळी मृदुलाला म्हटलं, "मी उद्या पंचायतीत जाणार. सगळं सांगणार." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "सगळं?" ती म्हणाली. "सगळं," मी म्हणालो.

सकाळी छाणीला जाऊन शनाभाईला स्कूटरवर मागे बसवलं. वाटेत एवढंच म्हणालो, "शनाभाई, ते तुझे चार मासे. पुसलेले दोन मेले. सोमवारी. पंचायतीच्या तीन दिवस आधी." मागून तो म्हणाला, "मने खबर छे." मला माहीत आहे.

तीच खोली, तीच सतरंजी, तेच सरपंच. मी दोन्ही वर्षांचे कागद पुढे ठेवले. पंच्यानं पुसलेले त्रेसष्ट, मेले एकतीस. ओल्या हातानं धरलेले एकोणसाठ, मेले दोन. थर म्हणजे काय, बुरशी कशी लागते, सगळं समजावलं. म्हणालो, विष कुणी टाकलं नाही, मासे माझ्या नियमानं मेले. खोलीत कुजबुज झाली. मला वाटलं, झालं, छातीवरचा दगड उतरला.

मग सरपंचांनी चष्मा काढला. "साहेब, हे तुम्हाला कधी कळलं?"

आता इथं मला एकच वाक्य म्हणायचं होतं. घरून पाठ करून आलो होतो. गेल्या वर्षी या खोलीत बसलो होतो तेव्हाही मला माहीत होतं. एवढंच. पण सेवानिवृत्तीला सात महिने होते. तलाठी लिहून घेत होता. सरकारी नोकर, पंचायतीपुढे, जाणूनबुजून. माझ्या डोळ्यांपुढे तो भाजीवाला आला. तोंड उघडलं आणि आतून आलं ते असं: "या वर्षीची स्पर्धा झाली, तेव्हा लक्षात आलं."

सरपंचांना पटलं नसावं. ते शनाभाईकडे वळले. "तू तर जन्मभर मासे धरतोस. तें साहेबने त्यारे कंई कीधेलुं?" तू तेव्हा साहेबांना काही बोलला होतास?

शनाभाईनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडात माझी अब्रू होती आणि त्याला फक्त खरं बोलायचं होतं. मी सतरंजीचा दोरा ओढत बसलो.

"ना," तो म्हणाला. "मलाच कुठे माहीत होतं."

तलाठ्यानं लिहून घेतलं. तळं त्याच दिवशी त्याच्या नावावर झालं. सरपंच मला म्हणाले, साहेब, तुमच्यासारखी चूक कबूल करणारी माणसं आजकाल कुठे सापडतात? मी नमस्कार केला. केला, खरंच केला.

बाहेर आम्ही स्कूटरपाशी आलो. मी म्हणालो, "शनाभाई, तू माझी लाज राखलीस. हे उपकार मी..."

त्यानं मला पुढं बोलू दिलं नाही. रागानंही नाही. "तमारा माटे नथी कीधुं, साहेब." तुमच्यासाठी नाही म्हणालो. "तुम्ही तेव्हा खोटं बोललात असं मी म्हटलं असतं, तर आज तुम्ही खरं बोलताय हे कुणी मानलं असतं? मला माझं तळं हवं होतं." त्यानं धोतराचा सोगा झटकला, आणि मी स्कूटरवर सोडतो म्हणत असताना तळ्याच्या वाटेनं चालत गेला.

मी घरी आलो तेव्हा मृदुला ओट्यापाशी होती. माझ्या चपलांचा आवाज ऐकून ती बाहेर आली, पिठाचे हात तसेच.

"मिळालं त्यांना?"

"मिळालं."

"आणि सगळं सांगितलंत?"

स्वयंपाकघरातून कौशल्याही ऐकत होती. मी चपला कोपऱ्यात नीट जोडून ठेवल्या, त्यात लावता येईल तेवढा वेळ लावला.

"हो," मी म्हणालो. "सगळं."

तिचे डोळे भरले. तिनं हात धुतले, चहा टाकला, आणि वर्षभरानंतर पहिल्यांदा कप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. आपल्या एका मास्तरांची नक्कल करून दाखवायला लागली. मी हसलो.